गॉगलच्या खाचेतली मोकळी जागा

चैत्रातल्या भर दुपारी मी बर्फाच्या कारखान्यात पोत्यावर बसून गॉगलची लेन्स ओढत होतो. हातात फाउंड्रीतले जाड हातमोजे. लेन्स काही निघेना.

"मिस्त्री, परवा मॅडम यायच्यात," शेजारी उभे असलेले आमचे मालक अण्णा म्हणाले.

"ठाव हाय की, अण्णा."

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी उद्यमनगरात डायमेकर होतो. डाय म्हणजे साचा. त्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरलं की वस्तू तयार. तोवर आमच्याकडं पंपाचे पार्ट यायचे. हे काम नवंच होतं: बर्फावरून घसरायच्या खेळाचा गॉगल. ऊन असलं की काळी लेन्स, ढग आले की पिवळी, आणि ती डोंगरावरच, हातमोजे न काढता, झटक्यात बदलायची. ड्रॉइंग पुण्याच्या मॅडमचं. सॅम्पल पास झालं तर परदेशी जाणारं आमचं पहिलं काम. नाहीतर डाय दुसरीकडं.

टेबलावर लेन्स खटकन निघायची, खटकन बसायची. मी खूश होतो. पण अण्णांनी विचारलं, "गारठ्यात बघितलास काय?" म्हणून इथं येऊन गॉगल बर्फ-मिठाच्या डब्यात तासभर पुरला. पॉटमधलं आइस्क्रीम करतात तसाच.

लेन्स का अडकली ते मला लगेच कळलं. फ्रेमच्या खाचेत लेन्स बसते. दोन्हींमध्ये थोडी मोकळी जागा ठेवतात, तिला आम्ही क्लिअरन्स म्हणतो. ड्रॉइंगमधला क्लिअरन्स मला ढिसाळ वाटला होता. आमच्या हातचं काम कधी खुळखुळत नाही, हा माझा तोरा. म्हणून क्लिअरन्स मी कुणाला न विचारता निम्मा केला होता. पण थंडीत फ्रेमचं मऊ प्लॅस्टिक लेन्सपेक्षा जास्त आकसतं. खाचेनं लेन्स गच्च धरली होती.

बर्फ फोडणारे दस्तगीरचाचा मघापासून बघत होते. "पावणं, ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडायची पिन बघितलाय न्हवं? ढिली असती म्हणून एका हातानं बसती, निघती. घट्ट केली तर हातोडा आणाय लागंल."

आता बर्फवाल्यानं मला फिटिंग शिकवायचं! मी भडकलो. पण चाचांचं खरं होतं. मग अण्णांना सगळं सांगून टाकलं.

"ड्रॉइंग दुरुस्त कराय कुणी सांगितलंतं तुला?" अण्णा ओरडले.

"कुणी न्हाय."

"मग जा. ड्रॉइंगात हाय तसं कर."

डायमधला खाच पाडणारा स्टीलचा तुकडा मी स्वतः पॉलिश करून चमकवला होता. तो काढून ड्रॉइंगच्या मापाचा नवा केला. दुसऱ्या संध्याकाळी बसवला आणि सॅम्पल काढलं.

मॅडम आल्या. अण्णांनी त्यांना थेट बर्फाच्या कारखान्यातच नेलं, हातमोजे चढवायला लावले. डब्यातून काढलेल्या गॉगलची काळी लेन्स त्यांनी एका हातानं काढली, पिवळी बसवली. पुन्हा काढली. चाचांनी मान डोलावली. मला इतका आनंद झाला की तिथंच बर्फावर बसलो असतो.

"माप ड्रॉइंगचंच ठेवलंत ना?" मॅडमनी विचारलं.

अण्णा माझ्याकडं बघत म्हणाले, "व्हय की. आमचा मिस्त्री ड्रॉइंगच्या भाईर पाऊल टाकत न्हाय."

मी मॅडमनी काढून दिलेल्या हातमोज्यांची नीट घडी घालत राहिलो.

काम मिळालं, पुढं बरीच वर्षं चाललं. बर्फाचा डोंगर मी अजून पाहिलेला नाही. तो जुना तुकडा मात्र अण्णांनी भंगारात टाकू दिला नाही, माझ्याच टेबलावर ठेवला. क्लिअरन्स कमी करायला हात शिवशिवला की मी तो उचलून बघतो. काम अगदी सुबक आहे. उपयोग काही नाही.