थांब म्हणणारी हातोडी

लोहारणीच्या घणाखाली हात घालायला छाती लागते, असं गिऱ्हाइकं म्हणायची. लोहाराला ती होती. लाल लोखंड सांडशीत धरून तो ऐरणीवर ठेवायचा, उजव्या हातातल्या हातोडीनं जागा दाखवायचा, आणि नेमका तिथंच बायकोचा घण आदळायचा. हातोडी ऐरणीच्या कडेवर टण्णकन वाजली की थांबायचं. मग तो डावा पंजा पुढं सरकवून सांडशीची पकड बदलायचा. लग्न झाल्यापासून नवराबायकोचं जे काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं या हातोडीनंच झालं होतं.

त्या वर्षी लोहारीण पेटली. ऐन थंडीत पांघरूण लाथेनं उडवायची. दोन गड्यांचं जेवण एकटी जेवायची, तरी गळ्याची हाडं वर यायला लागली. पाळी महिनेच्या महिने गायब. डोळे बटबटीत झाले, बोटं थरथरायला लागली. आणि राग? विळा कधी मिळणार म्हणून एकानं दारातून विचारलं, तर तिनं तो तिथूनच भिरकावला. "घे, आजच घे!" विळा त्याच्या कानाशेजारी चौकटीत रुतला. माणूस असा पळाला, की विळा न्यायला परत आलाच नाही.

भाता ओढणारी विधवा नणंद म्हणाली, "पाळी जायचं वय झालं की बाई अशीच तडतडते."

"वय तुमचं झालंय, वन्सं! माझ्या वयाला हात लावाल तर भात्यात कोंबीन!"

मग तो दिवस उगवला. पाण्याचा तांब्या तिच्या हातून सांडला आणि लोहार गिऱ्हाइकादेखत हसला. "तांब्या पेलवेना, अन् ही घण मारणार!"

तिनं झटक्यात घण उचलला. पहारीला टोक काढायचं होतं. घाव असे पडायला लागले की ठिणग्या आढ्याला चिकटतील. तिच्या कानात स्वतःचंच काळीज धडधडत होतं. कडेवर हातोडी वाजली. लोहाराचा पंजा पुढं सरकला. आणि आणखी एक घाव पडला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग लोहाराची किंकाळी. तापल्या पहारीवर रक्त चरचरलं आणि भट्टीत जळका वास पसरला.

नणंदेनं भाता सोडला, निखारे उकरायची सळई उचलली आणि भावजयीच्या पाठीवर ओढली. एकदा, पुन्हा, आणखी. "जाणूनबुजून मारलंस, रांडे! हातोडी वाजली, मी ऐकली!"

लोहारणीनं हातसुद्धा आडवा घातला नाही. "मी पण ऐकली, वन्सं."

दवाखान्यात लोहाराची दोन बोटं कापावी लागली. पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरीणबाईंची नजर भिंतीशी बसलेल्या बायकोवर खिळली. त्यांनी तिचा सुजलेला गळा चाचपला, मनगट धरलं. नाडी उधळलेल्या बैलासारखी पळत होती. रक्त तपासायला गेलं.

"गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नको तेवढं काम करतेय," अहवाल हातात घेऊन बाई म्हणाल्या. "उष्णता, धडधड, थरथर, पाळीची गडबड, चिडचिड, सगळं त्यातूनच. बायकांत हे पुष्कळ असतं. पाळी जायचं वय म्हणून सोडून देतात."

"म्हणजे भाता मोकाट सुटलाय," नणंद पुटपुटली.

"हो. गोळ्यांनी आवरेल, पण सावकाश. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी इकडं यायचं."

लोहारणीनं एवढंच विचारलं, "तो शेवटचा घाव आजाराचा होता का, बाई?"

"ते रक्तात दिसत नाही."

घरी लोहार बोलेना. तिनं वाढलेली थाळी त्यानं लाथेनं उडवली, कालवण भिंतीवर. त्याला तिचा घास नको होता, तिचा घण तर नकोच. त्यानं बाहेरचा एक धिप्पाड गडी आणला. तो लोखंड सोडून ऐरणीलाच बडवायचा. लोहारानं त्याला शिव्या घालून हाकलला. भट्टी गार पडली.

गोळ्यांचं काम नणंदेनं अंगावर घेतलं. सळईचे वळ जिनं उठवले तीच त्यावर तेल लावायची, आणि तेवढ्याच जोरात ओरडायची. "गिळ आधी. शिव्या मग दे." एकदा लोहारणीनं गोळी राखेत फेकली. नणंदेनं थोबाडीत दिली, दुसरी गोळी काढली. लोहारणीनं ती घेतली आणि पाणी पिऊन नणंदेच्या दंडाला करकचून चावली. "आता फिटलं," म्हणाली. दोघी हसल्या, मग दोघी रडल्या, आणि भांडी आपटत कामाला लागल्या.

बोटांची थरथर आधी थांबली. अंग भरायला मात्र वेळ लागला. दरवेळी रक्त तपासून बाई गोळी कमी करत गेल्या.

एका सकाळी ती काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन अंगणातून आली. थेंब सांडला नाही. लोहार बघत होता. उठला आणि त्यानं भट्टी पेटवली.

नणंद मधे आली. "उरलेली तीन पण द्यायचीत का हिला?"

"तू भाता ओढ." मग बायकोकडं न बघता, "गोळी घेतली?"

"घेतली."

"मग उचल."

तीन बोटांत सांडशी धरून त्यानं लाल पहार ऐरणीवर ठेवली. पहिला घाव बिचकत पडला, मग लय सापडली. आणि लयीबरोबर रागही आला. तोच जुना राग! हसण्याचा, थाळीला मारलेल्या लाथेचा. औषधानं तो गेला नव्हता. घण डोक्यावर गेला, खाली यायला निघाला, आणि तेवढ्यात कडेवर टण्ण वाजलं. पंजा पुढं आला.

तिनं खांदा पिळून घण बाजूला वळवला. तो ऐरणीची कड खरवडत शेजारच्या जमिनीत घुसला. ढेकळं उडाली. नणंदेचा भाता थांबला.

लोहारणीच्या खांद्यातून कळ गेली. "घण सुटल्यावर मुद्दाम वाजवलीत?"

"हो."

"हात गेला असता, मूर्ख माणसा!"

"गेला नाही." त्यानं पंजा हलवला नव्हता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तोही पुसला नाही. "पहार गार होतेय."

तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, घण जमिनीतून उपटला आणि पुन्हा वर नेला.