वस्तऱ्याने तासलेलं कुरण

गवतकापणी यंत्राचं पातं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुसत बसायची त्याची खोड जुनीच. बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "ते जरा बाजूला घ्या. माझा पाय कापलात तर परत फुटायचा नाही तो!"

सगळे त्याला 'वस्तरा' म्हणत. कापलेलं कुरण दाढी केलेल्या हनुवटीसारखं गुळगुळीत दिसलं पाहिजे, खुंट ठेवतो तो कामचुकार, असं त्याचं ठाम मत.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, बडवलं. दारात गोठेवाल्या काकू. चार गाई आणि एक कुरण, यावर त्यांचं घर चाले.

"चल माझ्याबरोबर."

"काकू, चहा तरी घ्या..."

"मला चहा पाजशील रे, गाईंना काय घालू? ट्रॅक्टर फाटकाशी उभा आहे, नांगरूनच टाकते सगळं. गाईंना गिऱ्हाईक येतंय संध्याकाळी. त्याआधी तुझी करामत तुझ्या डोळ्यांनी बघ."

बायकोने गाळणी तशीच ठेवली. तो अनवाणीच निघाला.

कुरण तपकिरी पडलं होतं. पहिल्या कापणीनंतर ते उशिरा का होईना फुटलं होतं. जरा हिरवं दिसताच त्याने पुन्हा बुडापासून उतरवलं. त्यानंतर मात्र गवताने मान वर केली नव्हती.

फक्त भिंतीकडचा पट्टा गुडघाभर हिरवागार. तिथे दगड होते, म्हणून त्याने पातं वीतभर वर घेतलं होतं आणि त्या ओबडधोबड कामाची त्याची त्यालाच लाज वाटली होती. बी तेच, पाणीही तेच. तो वाकला. मागे राहिलेल्या खुंटाच्या पानांनी गवताला जगवलं होतं, त्याच्याच पोटातून नवे फुटवे निघाले होते. इकडे त्याने पानही ठेवलं नव्हतं आणि बुडख्यात साठलेली शिदोरीही तासून नेली होती.

"काकू, घालू का आत?" ट्रॅक्टरवाला ओरडला. इंजिन धडधडतच होतं.

"थांब जरा!" काकू म्हणाल्या, पण नजर याच्यावर. "बोल की. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो."

तो गुडघ्यांवर बसला आणि नखांनी एक बुडखा उकरला. सुकलेला, हातात आला. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या तळाशी मातीत पांढुरका कोंब होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो रांगत पुढे सरकला. तिथे आणखी एक. पलीकडे मात्र पुन्हा कोरडंच.

काकूंचा हात ट्रॅक्टरवाल्याकडे वळायला लागला तसा तो उठला.

"चूक माझीच आहे, काकू. परत मला कापणीला बोलावू नका हवं तर. सगळं जगेल असंही म्हणत नाही. पण मुळं अजून मेलेली नाहीत. एक पाणी द्या, आणि आजचा दिवस नांगर घालू नका."