मंजिरीचा साखरपुडा आणि मंदावलेलं कार्ड

मंडळी, आज दुपारी मंजिरीच्या बोटात अंगठी जात असताना माझा व्हिडिओ कॅमेरा आपोआप थांबला, आणि तिथंच सगळं बदललं.

मंजिरी कॉलेजात माझ्या वर्गात होती. कॉलेज अर्धवट सोडून मी नाशिक रोडला फोटो स्टुडिओत लागलो, तरी ती काही मनातून गेली नाही.

संध्याकाळी ती स्टुडिओत आली. "मुद्दाम बंद केलास ना?"

माझं डोकं फिरलं. तिला कॉम्प्युटरवर दाखवलंच. जागा करायला आमचे शेठ कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरच्या जुन्या क्लिपा एकेक करून पुसतात. असं कार्ड भरत आलं की व्हिडिओ साठवताना मध्येच मंदावतं आणि कॅमेरा थांबतो. हे मी शेठना दहादा सांगितलंय. दुसरं कार्ड पूर्ण फॉरमॅट केलेलं, म्हणजे एकदम कोरं केलेलं होतं. त्याचा पाव भाग रिकामा ठेवला, तर वेग शेवटपर्यंत एकसारखा राहिला.

शेठ म्हणाले, "ताई, याचं डोकं गरम आहे, पण पोरगा खोटारडा नाही."

"हे दुसरं कार्ड तेव्हा कुठं होतं?" मंजिरीनं विचारलं.

"माझ्या खिशात."

"मग का नाही घातलंस?"

तुम्ही काय सांगितलं असतं? मी कॅमेरा शेठच्या टेबलावर ठेवला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.