भिंतीमागची नवी प्रजाती

कॉलेजातल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या खोलीत लेबलकाका एकतीस वर्षं एकच काम करत आले होते. रोप कागदावर चिकटवायचं, खाली लेबल लिहायचं. आपल्या हातून एकही खोटं लेबल गेलेलं नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. बायको म्हणायची, "घरातल्या डब्यांवर मात्र एक अक्षर नाही. अजून साखर समजून मीठ घालते मी."

निवृत्तीला वर्ष उरलं असताना विभागप्रमुख बाईंना मागच्या भिंतीपाशी एक रोप सापडलं. जाड, मुरडलेली पानं, फूल अर्धवट मिटलेलं. कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. बाईंनी लेख लिहून नवी प्रजाती जाहीर केली, तिला आपल्या वडिलांचं नाव दिलं आणि सगळ्यांना चहा पाजला.

काकांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. नमुन्यांना कीड लागू नये म्हणून जे औषध लावत, त्याचे ट्रे धुतलेलं पाणी ते रोज त्याच भिंतीपाशी ओतत होते.

"बाई, ही आपली जिथंतिथं उगवणारी कंबरमोडीच. माझ्या पाण्यानं आजारी पडलीय."

"काका, मी कंबरमोडी ओळखत नाही का?"

"ओळखता हो. पण ती धडधाकट असताना."

बाई हसल्या. "तुम्ही लेबलाचं बघा."

काकांनी लेबल लिहिणं लांबवलं. कधी शाई संपली, कधी चष्मा घरी राहिला. पाणी मात्र ते आता मोरीत ओतू लागले. दोन महिन्यांत भिंतीपाशी साधी, कातरलेल्या पानांची कंबरमोडी तरारून आली.

बाईंनी ते पाहून सगळी भिंत धुंडाळली. "काका, ती नामशेष झाली! या तणानं गिळलं तिला."

"बाई, ती बरी झाली."

"माझी समजूत नका घालू, काका."

आठवड्यात बाईंचा दुसरा लेख तयार झाला. शोधाला लोकांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. नामशेष म्हटल्यावर लांबलांबून पाहुणे यायचे ठरले.

"आता तरी लिहा, काका. उद्या येताहेत सगळे."

काका टाक घेऊन बसले. नावाच्या रकान्यात बाईंनी दिलेलं नाव लिहिलं. नाव काय, ठेवावं तसं. नातवाला घरात सगळे हत्तीच म्हणतात. शोधणाऱ्या बाईच, तेही खरं. तारीख खरी. राहिला शेवटचा रकाना, 'सध्या कुठे आढळते'. बाईंनी बजावलं होतं, 'कुठेही नाही' लिहा.

काकांनी खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, 'सगळीकडे'. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.