घोडीच्या पाठीवरचं शिसं

घोड्यावर कमी वजन ठेवलं म्हणजे त्याचा पाणउतारा झाला, असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा बाप निघाला. गोष्ट इतकी जुनी झाली, की आता चिडण्यात काही अर्थ नाही. तरी मी चिडते. माझी सून म्हणते, आई, सोडा ना आता. म्हटलं, सोडते, पण आधी सांगून तर होऊ दे!

आम्ही ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत राहायचो. आबा संस्थानच्या घोडदळात रिसालदार होते. पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून आले ते इथेच उतरले, आणि घरातल्या पुरुषांना घोड्यापलीकडे दुसरा विषय म्हणून सुचला नाही. अंगणात एक कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाची घोडी बांधलेली असे. तिची आई तिला जन्म देऊनच गेली होती. पागेतल्या लोकांनी शिंगराची आशा सोडली, तेव्हा आबांनी ते घोंगडीत गुंडाळून घरी आणलं आणि आईपुढे ठेवलं. मला ज्या बोंडल्यानं दूध पाजलं होतं त्याच बोंडल्यानं आई त्याला पाजायला बसली. ते पुरेना, तेव्हा तांब्याच्या तोंडाला चिंधी बांधून म्हशीचं दूध देऊ लागली. शिंगरू जगलं. आई तिला बायो म्हणायची आणि ती आईच्या पदराला तोंड पुसायची. मी कधी आईच्या पदराला तोंड पुसलं तर मात्र धपाटा मिळे.

शर्यतींचा मोसम आला की आमच्या ओट्यावर तिघांची बैठक भरायची. आबा, गोरखीकडे राहणारे एक वकीलसाहेब, आणि पाटणकर बाजारातले जिलेबीवाले काका. जिलेबीवाले काका मूळचे इकडचेच, मराठी त्यांना आमच्या घरातच आलेली. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत, आणि मधेच अडलं तर हात. तिघेही शर्यतीवर जीव टाकणारे, पण एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ!

आबा फक्त घोडा बघायचे. गळ्यावरचा देवमणीचा, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, पायांचे पांढरे मोजे, कानांची ठेवण. भोवरा वाईट असेल तर तो घोडा पहिला आला तरी ते म्हणायचे, "आला असेल, पण घरात बांधू नये." वकीलसाहेबांना घोड्यांत काडीचा रस नव्हता. त्यांना नियम हवे असत. कुठला स्वार आडवा आला, कुणाची तक्रार फेटाळली, ती योग्य की अयोग्य, यावर ते जेवण विसरायचे. जो घोडा चांगला त्याच्यावर जास्त वजन आणि जो कमी त्याच्यावर हलकं, या हँडिकॅपच्या नियमावर तर त्यांचा भारी राग. "हुशार मुलाला कठीण पेपर आणि ढ मुलाला सोपा, असं शाळेत चालतं का? मग मैदानात कसं चालतं?" असं ते दर हिवाळ्यात विचारायचे, जणू आम्हीच तो नियम केला होता.

जिलेबीवाले काका हसायचे. "अहो वकीलसाब, सगळ्यांना सारखं वजन दिलं तर दरवेळी एकच घोडा येईल. मग डाव कोण लावेल? और डाव नाही लागला तो मैदानात येणार कोण, तुम्ही और मैं?" त्यांच्या मते शर्यत म्हणजे डाव, आणि डाव म्हणजे उमेद. हरले तरी त्यांचा चेहरा कधी पडलेला मी पाहिला नाही. हरलेल्या दिवशी तर आम्हा मुलींना जिलेबी जास्तच मिळायची.

मग आबा निवृत्त झाले आणि घोडीच्या दाण्यावैरणीचा भत्ता बंद झाला. पेन्शनीत माणसांचं भागायचं, घोडीचं नाही. आबा म्हणाले, विकावी लागेल. आई म्हणाली, "आधी मला विका." घरात अबोला धरला गेला. दोघं मला मधे घालून बोलू लागले, आणि निरोप पोचवता पोचवता माझा जीव मेटाकुटीला आला.

त्यातून वाट काढली जिलेबीवाल्या काकांनी. हिवाळ्यात गावातल्या लोकांच्या घरच्या घोड्यांची एक शर्यत व्हायची. पहिल्याला मानाचा फेटा आणि पागेतून वर्षभराची चंदी-वैरण. "घोडी पळवा, रिसालदारसाब. जिंकली तर वर्षभर घरी राहील. पुढचं पुढे." आबांनी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे न बघता थेट त्यांना म्हणाली, "चालेल." किती दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली होती!

मग काय, घर नुसतं घोडीभोवती फिरू लागलं. आबा पहाटे तिला फेरीला नेत, आल्यावर स्वतः खरारा करत. आई हरभरे भिजवे, गुळाचा खडा हातावर धरी आणि तिच्या कानात काहीबाही सांगे. स्वार म्हणून आबांच्या रिसाल्यातलाच एक हलका, चपळ माणूस ठरला. मीसुद्धा रोज सकाळी घोडीला नमस्कार करायचे, खोटं कशाला सांगू!

शर्यतीआधी वजनांची यादी लागली. घोडी नवी, कुणाला माहीत नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांत कमी वजन. जिलेबीवाले काका धावतच आले. त्यांना धाप लागली होती. "वहिनी, देवी पावली! हलकी सुटणार तुमची बायो. बिलकुल उडत येईल!" आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. आबांचं तोंड मात्र उतरलं. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "रिसाल्यात हलका बोजा कुणाला देतात, माहीत आहे? मरतुकड्या घोड्याला. सगळ्या गावासमोर माझ्या घोडीला मरतुकडी ठरवलं." मी म्हटलं, आबा, चांगलंच आहे की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून आत गेले.

त्या दिवशी आई आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आली. बायकांसाठी चिकाचे, म्हणजे बांबूच्या कामट्यांचे पडदे लावून वेगळी जागा केलेली होती. आम्ही पुढेच जागा धरली. आईच्या मुठीत गूळ होता, जिंकल्यावर द्यायला. समोर मोठा काळा फळा होता, त्यावर घोड्यांची आणि वजनांची माहिती खडूनं लिहीत. आईला वाचता येत नव्हतं. मी तिला वाचून दाखवत होते. तेवढ्यात एक माणूस आला आणि त्यानं आमच्या घोडीपुढे खडूनं आणखी काही लिहिलं.

"काय लिहिलं गं?" आईनं विचारलं.

मी दोनदा वाचलं. घोडीच्या मालकानं आपण होऊन जास्तीचं वजन घेतलं होतं. तशी मुभा नियमात होती. फक्त ते आधी सांगावं लागे आणि लोकांना कळवावं लागे. आबांनी नियमात बसेल तितकं शिसं मागून घेतलं होतं, आणि ते जीनखालच्या कापडाच्या खिशांत भरलं होतं. हा नियम त्यांना कुणी काढून दिला ते सांगायला नकोच. वकीलसाहेब त्यांच्या शेजारी ताठ उभे होते.

"आई, आबांनी बायोच्या पाठीवर शिसं ठेवलंय."

"कशाला?"

"हलकी पळाली तर अपमान होईल म्हणून."

आईनं गुळाची मूठ घट्ट मिटली.

फळा वाचल्याबरोबर मैदानात गिल्ला झाला. ज्यांनी घोडीवर डाव लावला होता ते आबांच्या नावानं बोंब मारू लागले. कुणी म्हणालं, म्हातारा विकला गेला. कुणी म्हणालं, स्वतःच दुसऱ्या घोड्यावर लावले असणार! आबा, ज्यांनी उभ्या जन्मात एक पैसा लावला नव्हता, ते खाली मान घालून ऐकत राहिले. जिलेबीवाले काका मात्र लोकांवरच तुटून पडले. "चूप बसा रे! हा माणूस वेडा आहे, चोर नाही!" त्यांनी स्वतः सगळ्यांत मोठा डाव त्याच घोडीवर लावला होता.

घोडी पळाली. काय पळाली! शेवटच्या वळणापर्यंत ती मागे होती, मग एकेकाला मागे टाकत आली. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आई मोकळ्या हातानं चिकाचा पडदा धरून उभी होती. शेवटी फक्त एक घोडा पुढे राहिला, आणि तो पुढेच राहिला. मानेभर अंतरानं गेली शर्यत. वर्षभराची वैरण गेली, फेटा गेला. आईच्या मुठीतला गूळ वितळून चिकट झाला होता.

संध्याकाळी ओट्यावर बैठक भरली, जसं काही घडलंच नाही. वकीलसाहेब म्हणाले, "रिसालदार, तुम्ही हरलात, पण न्यायानं हरलात." जिलेबीवाले काका म्हणाले, "न्याय घोडी खात नाही, वकीलसाब." आबा म्हणाले, "बरोबरीच्या बोजानं पळाली. आता कुणी तिला कमी म्हणणार नाही. तिची लाज राहिली."

आई चहा घेऊन आली होती. परपुरुषांसमोर ती कधी एक शब्द बोलत नसे. तिनं ट्रे खाली ठेवला आणि आबांना विचारलं, "अहो, लाज कुणाला वाटत होती? घोडीला?"

कुणी चहाला हात लावला नाही. आई आत गेली. आतून तिच्या हुंदक्यांचा आवाज येऊ लागला तशी जिलेबीवाले काका उठले, वकीलसाहेब त्यांच्या मागून गेले. आबा एकटेच बसून राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची दयाही येत होती. बापावर एकाच वेळी दोन्ही करणं फार जड जातं.

पुढची गंमत ऐका. ती शर्यत एका सरदारांनी पाहिली होती. जास्तीचं शिसं वाहून जी घोडी इतकी पळते ती आपल्या पागेत हवी, असं त्यांनी ठरवलं. हलकी पळून जिंकली असती तर त्यांनी ढुंकून पाहिलं नसतं. त्यांचा माणूस आला आणि आबांनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घोडीला नेण्याआधी आईनं तिला आंघोळ घातली, आयाळ विंचरली, कपाळाला कुंकू लावलं. लेक सासरी जाताना करतात तसं सगळं केलं. आबा स्वतः घोडीला पोचवायला गेले आणि रिकामा कासरा खांद्यावर टाकून चालत परत आले. त्यानंतर वर्षभर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. ओट्यावर मित्र आले की शर्यतीचा विषय निघू द्यायचे नाहीत. मग त्या तिघांना बोलायलाच काही उरेना.

पुढच्या हिवाळ्यात जिलेबीवाले काका बातमी घेऊन आले, की आज बायो पळणार आहे. स्वाराच्या अंगावर सरदारांच्या पागेचा रंग. आणि आता तिच्यावर सगळ्यांत जास्त वजन आहे. आई पदर सावरत उठली. "मी येते," म्हणाली. आबांनी टांगा बोलावला.

शर्यतीआधी घोडे लोकांसमोरून फिरवत नेतात. बायो चिकाच्या पडद्यापाशी आली, तेव्हा आईनं रोज अंगणात मारायची तशी हाक मारली. "बायो, ये गं." मोठ्यानं नव्हे, पडद्यामागून जेमतेम ऐकू जाईल इतकीच.

घोडी जागच्या जागी थांबली. कान उभे केले आणि सरळ पडद्याकडे वळली. स्वार लगाम ओढतोय, टाच मारतोय, ही ढिम्म हलेना. पडद्याच्या फटीतून तिनं तोंड आत घातलं आणि आईच्या पदराला पुसलं. लोक हसायला लागले. बायका आधी किंचाळल्या, मग त्याही हसल्या. आई दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून ढसाढसा रडली. घोड्यांची निगा राखणारे साईस आले, त्यांनी घोडीला ओढून नेलं. सुटायच्या वेळीही ती मागे वळून बघत होती. ती शेवटून पहिली आली. जिलेबीवाल्या काकांनी तिच्यावरच लावलं होतं. ते डोळे पुसत म्हणाले, "आज माझा एक पैसासुद्धा वाया नाही गेला, भाभी."

टांग्यात आबा आमच्या समोर बसले होते. ते आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "लाज मलाच वाटत होती. चुकलं माझं."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. तिनं पदरावरचा घोडीचा फेस पुसला नव्हता. थोड्या वेळानं तिनं टांगेवाल्याला बाजाराकडे वळायला सांगितलं. आबांनी विचारलं, कशाला?

"गूळ संपलाय," आई म्हणाली. "ती परत पळेल तेव्हा लागेल."