भोपाळशी सोयरीक

ठाण्याच्या खाडीपासून पनवेलच्या खाडीपर्यंत जेवढ्या मुली सासरी सुखानं नांदल्या, त्या सगळ्या आपल्यामुळे नांदल्या, असं माझ्या थोरल्या मावशीच्या यजमानांचं ठाम मत होतं, आणि मला तरी ते कधी खोडून काढता आलं नाही. आम्ही सगळे त्यांना मावसा म्हणायचो. आमच्या बोनकोडे गावात कुणाच्याही मुलीची सोयरीक निघाली, की मुलाचं घर बघायला मावसा गेलेच पाहिजेत असा रिवाजच पडला होता. एरवी मिठागरावर राबणारा हा माणूस त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, टोपी कडक करून असा निघे, की नवरदेवाच्या बापाला आधीच घाम फुटावा. मावसांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्यामुळेच असेल, पण गावातल्या प्रत्येक पोरीचं कन्यादान आपल्याच माथी आहे अशा काळजीनं ते वागत.

त्यांची घर बघायची तऱ्हा न्यारी होती. पुढं आणलेला पाण्याचा तांब्या ते बाजूला सारत आणि स्वतः विहिरीवर जाऊन, पोहरा ओढून, ओंजळीनं पाणी पीत. मग गोठ्यात शिरून बैलाच्या फासळ्या चाचपत. जनावराला उपाशी ठेवणारा सुनेला काय घालणार, असा त्यांचा सवाल असे. आणि सगळ्यात शेवटी, त्या घराशी ज्याचं हाडवैर असेल तो शेजारी ते हुडकून काढत. घणसोलीत एकदा बांधावरून भांडलेला असाच एक शेजारी त्यांना भेटला. त्यानं तासभर मुलाच्या बापाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मावसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठले. "येवऱ्या शिव्या दिल्या," ते नंतर म्हणाले, "पन बायकोला मारतो असा येकदा बी नाय बोल्ला. घर चांगला हाय." निकाल मात्र ते कधी त्या गावात देत नसत. वेस ओलांडायची, टोपी काढून झटकायची, आणि मग एकच शब्द बोलायचा. 'दिली' किंवा 'नाय'. त्यावर अपील नव्हतं.

राज्यांची नव्यानं मांडणी होऊन भोपाळ राजधानी झालं त्या सुमारास मी ड्राफ्ट्समनची परीक्षा पास झालो होतो. नव्या राजधानीत नव्या कचेऱ्या, नवे रस्ते, आणि त्यांचे नकाशे काढायला माणसं हवी होती. मला नेमणुकीचं पत्र आलं आणि महिन्याभरात हजर व्हा असा हुकूम आला. आमच्या आळीत सरकारी शिक्क्याचं ते पहिलंच पत्र. पण घरात मी आणि आई, दोघंच. वडील माझ्या लहानपणीच गेलेले. तिला एकटीला टाकून मी जाणार नव्हतो, आणि खाडी सोडून ती हलणार नव्हती. "भोपाल कनच्या बाजूला हाय ते बी मना ठावं नाय," ती म्हणाली, "नि तिथं जाऊन मी करू काय?" मी समजावलं, रुसलो, जेवणं टाकली. शेवटी तिनं एक अट घातली. "भावजी बगून येव दे. त्ये हां बोल्ले तर मी येन. नायतर तू कागद परत धाड."

म्हणजे माझी नोकरी आता मावसांच्या टोपीत होती. मी त्यांच्याकडे गेलो तर त्यांना त्यात नवल असं काहीच वाटलं नाही. "पोर देताना घर बगताव," ते म्हणाले, "तं पोरगा देताना गाव नको बगाया?" अडचण एकच होती. रिवाजाप्रमाणे घर बघायला पाच माणसं जावी लागतात, आणि भोपाळपर्यंत यायला कुणी तयार नव्हतं. मावसांनी रात्रभर विचार करून तोड काढली. सकाळी ते पिशवी घेऊन आले. "तू, मी, नि तीन नारल," त्यांनी जाहीर केलं. आम्ही होडीनं खाडी ओलांडली, ठाण्याला गेलो आणि मेल पकडली. वाटेत एका गृहस्थानं पिशवी फळीवर टाकायला सांगितली तेव्हा मावसांनी त्याला बजावलं, की यात आमची मोठी माणसं आहेत. तो बिचारा इटारसीपर्यंत पिशवीकडे बघत अवघडून बसला.

माझ्या मास्तरांच्या ओळखीनं जुन्या शहरात एक खोली ठरण्यासारखी होती. मालकीण एक वयस्कर विधवा बाई, सगळा मोहल्ला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. पण मावसा खोली बघायच्या आधी तलाव बघायला गेले. एवढं पाणी आणि ते समुद्राला कुठंच मिळत नाही, याचंच त्यांना आधी हसू आलं. ओंजळभर पिऊन बघितलं, गोडं निघालं. मग त्यांनी एक नारळ तलावाला वाहिला, पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली, आणि ओहोटी बघायला बसले. सकाळी बसलेला हा माणूस दुपार उलटली तरी उठेना. मी दोनदा सांगितलं, मावसा, तलावाला ओहोटी नसते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकून पोरगं वाया गेलं. काटकी तसूभरही उघडी पडली नाही. आमच्याकडे जाळं कधी टाकायचं, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, होडी कधी सोडायची, किंबहुना जेवायचं कधी, हे सारं खाडी ठरवते. "भरती नाय, ओहटी नाय," परत येताना मावसा पुटपुटले. "मंग हितं मानसानं कवा काय कराचा, त्ये सांगतं कोन?"

खोलीवर पोचल्यावर हाच प्रश्न त्यांनी आपल्या हिंदीत खालाला विचारला. "इदर लोग उठता कवा? कोन सांगता उसको?"

खाला पान लावत होती. "नल बताता है, भाईसाहब," ती म्हणाली. "सुबह छह बजे आता है, आठ बजे चला जाता है. जो तब तक सोया, दिन भर प्यासा रहा."

दुसऱ्या दिवशी पाचलाच मावसा नळासमोर उकिडवे बसले होते. सहाच्या ठोक्याला नळ घुरघुरला, खोकला, थुंकला आणि धो धो वाहू लागला. बायका हंडे घेऊन धावल्या, भांडणं जुंपली, अख्खा मोहल्ला हलला. आठला धार बारीक झाली, थांबली, आणि अंगणं ओस पडली. मावसांच्या चेहऱ्यावर आठवड्याचं मीठ एका दिवसात पिकल्यासारखा आनंद होता. "भरती हाय रं," ते मला म्हणाले. "नलाला येते." दुसरा नारळ त्यांनी तिथल्या तिथं खालाच्या हातात ठेवला.

राहता राहिली कचेरी. तिथं त्यांनी मला पहिलाच सवाल केला, "सायबाशी भांडलेला मानूस कंचा?" बढती अडवली गेलेला एक स्टोअरकीपर होता. त्यानं साहेबाच्या नावानं खडे फोडले. तो ओरडतो, रजा देत नाही, अंगावर कागद फेकतो. मावसांना त्यातलं निम्मं कळलं असेल. पण शेवटी तो म्हणाला, की माझा मुलगा तापानं फणफणला तेव्हा हाच राक्षस स्वतःच्या गाडीतून डॉक्टर घेऊन आला होता. मावसा उठले, थेट साहेबांच्या खोलीत गेले आणि तिसरा नारळ टेबलावर ठेवून म्हणाले, "हमारा पोरगा तुमको दिया. उसको भूका रखनेका नाय." साहेब कानपूरचे. त्यांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उभं राहून मावसांना नमस्कार केला. असा निकाल गावात न देण्याचा आपला नियम मावसांनी आयुष्यात त्या एकदाच मोडला.

बोनकोड्याला आम्ही परतलो ते लढाई मारून आल्यासारखे. आईसमोर मावसांनी सगळं वर्णन केलं, तलाव थोडक्यात आणि नळ सविस्तर. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिथं मी बोलू कोनाशी?" "खाला हाय," मावसा म्हणाले. "ती बी तुज्यासारकीच. घरात कोन नसला तरी बोलते." आई हसली. पंधरा दिवसांत आम्ही भोपाळला होतो.

पहिल्या दिवाळीला मावसा दारात उभे. लेकीला सणाला माहेरी न्यायला येतो त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. मावसा मुराळी होऊन आले होते, तेही पुतण्याबितण्याला न पाठवता स्वतः. आईनं दोन दिवस आधीच गाठोडं बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी तसंच, तिसऱ्या वर्षीही तसंच. दरम्यान माझं लग्न होऊन मला मुलगीही झाली. चौथ्या वर्षी ते आले तेव्हा आई नळावर होती. कुणाचा हंडा आधी, कुणाचा नंतर, यावर तिथं तिचाच शब्द चाले. घरी येऊन ती म्हणाली, "भावजी, अवंदा नाय जमाचा. खालाचा गुडगा सुजलाय, नात सा म्हयन्याची हाय, गच्चीवर मासली सुकत टाकलीय." मावसांनी मान डोलावली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी एकटेच निघाले. स्टेशनवर ते अनोळखी माणसांना पकडून पकडून सांगत होते, की आमची पोर इथं दिलीय, रमली, आता माहेरचं नाव घेत नाही. मी इतका मोठा विजय त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. गाडी हलली तेव्हा मात्र ते खिडकीतून माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोयरीक चांगली जमली, की घर बगनाऱ्याचा काम सरतं."

पुढच्या दिवाळीला मावसा आले नाहीत. आपली गरज उरली नाही असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आणि मीही, कामाच्या धबडग्यात, त्यांना या म्हणून दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आई वसुबारसेपासून रोज मेलच्या वेळेला हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची. तिला जायचं नव्हतं. पण न्यायला कुणी तरी यावं, एवढं वाटत होतं.