पिस्तुलाच्या पोटातला तांदूळ

निशिकांत देवस्थळीकडे पिस्तूल होतं. खेळण्यातलं नव्हे हो, खरंखुरं, जर्मन बनावटीचं, एकोणीसशे अडतीस सालचं. तुम्ही म्हणाल, सिंगापूरमध्ये? जिथे साधा लवंगी फटाका वाजवायची चोरी, तिथे हा सॉफ्टवेअर टेस्टर पिस्तूल बाळगून होता? होता. फक्त ते निशिकांतचं असलं तरी निशिकांतकडे नसायचं. ते नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात, पोलादी कपाटात राहायचं. दर शनिवारी यानं जायचं, सही करायची, दोन तास नेम धरायचा, पुसून-पासून परत कुलपात. घरी आणायचं नाही, फोटो काढायचा नाही, झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा खिशात घालायची नाही.

मीनल, म्हणजे त्याची बायको, त्या पिस्तुलाला सवत म्हणायची. "सवत आहे माझी, पण बरी आहे बिचारी. हॉस्टेलला राहते."

क्लबातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचे हात कापायला लागले, म्हणून त्यांनी ते निशिकांतला दिलं. लायसन्सचे कागद हलायला अकरा महिने लागले. पण काय वस्तू होती! प्रत्येक भागावर, अगदी नखाएवढ्या तुकड्यावरसुद्धा, तेच दोन आकडे कोरलेले: सत्तेचाळीस. ऐंशी वर्षांत एकही भाग बदललेला नाही. बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला निशिकांत हे सत्तेचाळीस पुराण ऐकवायचा, आणि प्रत्येक पाहुणा पोहे खात "हो का?" म्हणायचा. त्या "हो का"मध्ये कुणाचाही विश्वास नसायचा.

बाकीच्यांचं जाऊ द्या. पण २०१७च्या सप्टेंबरात साताऱ्याहून नाना आले. नाना म्हणजे मीनलचे वडील उल्हासराव, रिटायर्ड फौजदार. मिशी अजून ड्यूटीवर. त्यांच्या दरोडेखोरांच्या गोष्टी ऐकत मीनल मोठी झाली होती, आता नात इरा ऐकत होती. जावयाबद्दल मात्र अठरा वर्षं त्यांना एकच प्रश्न होता: दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो, म्हणजे हा माणूस नेमकं करतो काय? पिस्तुलाची हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "घरात नाही. फोटो नाही. कुणी बघितलेलं नाही. निशिकांतराव, आमच्या ठाण्यात अशा वस्तूला अफवा म्हणायचे."

निशिकांतला ते फार लागलं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या माणसानं आपल्याला शाब्बास म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. नाना रविवारी परत जाणार होते. शनिवारी दसरा. त्याने क्लबला विनंत्या करकरून एका पाहुण्याचा पास मिळवला.

"येतो की," नाना म्हणाले. "पण दसऱ्याला आधी शस्त्रपूजा. चौतीस वर्षं ठाण्यात मीच पूजा मांडायचो. पूजा केल्याशिवाय हातात धरलं तर ते शस्त्र नव्हे, लाटणं."

"नाना, तिथे तसलं काही चालत नाही हो."

"मग अफवाच म्हणायची."

झालं! शनिवारी सकाळी दोघे एलआरटीत, म्हणजे तिथल्या छोट्या लोकलमध्ये, बसले तेव्हा निशिकांतच्या बॅगेत हळद, कुंकू, झेंडूची फुलं आणि अक्षतांची पुडी होती. ही गाडी लोकांच्या घरांजवळून जाते, तेव्हा तिच्या काचा आपोआप धुरकट होतात. नानांनी ते पाहिलं आणि मान डोलावली. "इथे सगळंच झाकून ठेवतात. घरं काय, पिस्तुलं काय."

क्लबच्या दारात रेंज ऑफिसर लिम उभे होते. साठीचे, शिस्तीचे, आवाज भांडं पडल्यासारखा. बॅग उघडल्यावर त्यांनी लाल पुडी दोन बोटांत धरली. "धिस वन व्हॉट पावडर?"

पिस्तूल झाडायच्या ठिकाणी पावडरीचा खुलासा करताना निशिकांतला घाम फुटला. देव, सण, हत्यार, वर्षातून एकदा, असं काहीबाही तो बोलत राहिला. लिमनी पुडी हुंगून परत बॅगेत ठेवली. मग म्हणाले, त्यांच्या घरीसुद्धा मोठी तलवार धरलेला देव आहे, त्याला ते संत्री वाहतात. "ओके लाह," त्यांनी सिंगापुरी शेपटी जोडली. "फास्ट-फास्ट. बट माय रूल्स."

लिमचे नियम असे: पिस्तुलाचं तोंड सतत टार्गेटकडे. मॅगझिन बाहेर काढलेलं. वरचा सांधा सताड उघडा, म्हणजे आत गोळी नाही हे लांबूनही दिसेल. आगीचं नाव नाही. पाहुण्यानं पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं आणि पिस्तुलाला बोटही लावायचं नाही. डोळ्यांवर गॉगल, कानांवर ते आवाज अडवणारे, मोठ्या वाट्यांसारखे मफ.

आणि अशी ती पूजा झाली. निशिकांतने मुठीला कुंकवाचा ठिपका लावला. शेजारी झेंडू ठेवला. निरांजनाऐवजी मोबाईलचा टॉर्च ओवाळायला घेतला, तर लिम ओरडले, "नो फोन!" म्हणून नुसतेच हात ओवाळले. शेजारच्या लेनमधले दोन तरुण नेम सोडून बघत उभे राहिले. कानांवर मफ असल्यामुळे आपण किती मोठ्यानं म्हणतोय याचा नानांना अंदाज नव्हता, त्यामुळे मंत्र रेंजभर दुमदुमला. आणि शेवटी, रेषेच्या मागे अगदी नियमात उभं राहून, त्यांनी लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता पिस्तुलावर भिरकावल्या.

"अंकल! कॅनॉट थ्रो लाह!"

पण टाकून झाल्या होत्या. अहो, अक्षता काय परत बोलावता येतात? निशिकांतने फुंकर घातली, मऊ कापडानं पुसलं, टेबल झटकलं. मग मॅगझिन भरलं, उभा राहिला आणि श्वास सोडत पहिली गोळी झाडली.

नऊचं वर्तुळ! मधोमध नव्हे, पण अगदी जवळ. आनंदानं छाती फुगवून त्याने हळूच मागे बघितलं.

नाना डोळे गच्च मिटून, मफवर आणखी दोन्ही हात दाबून, खांदे कानाला लावून उभे होते.

निशिकांतला काही कळेना. बरं, म्हटलं दुसरी झाडू. दुसरी सुटलीच नाही. वरचा सांधा अर्ध्यात अडकला, ना उघडा ना मिटलेला. त्याने नियमाप्रमाणे पिस्तुलाचं तोंड समोर ठेवून हात वर केला. लिमनी मॅगझिन काढलं, गोळी काढली, आत डोकावले, पुन्हा डोकावले. "कॅनॉट सी एनिथिंग." बिघडलं असेल तर आज बंद, म्हणाले, कारागिराला दाखवू, दोन आठवड्यांनी बघू.

दोन आठवडे! नाना उद्या निघणार! निशिकांतच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ऐंशी वर्षं ज्या यंत्राचं काही बिघडलं नव्हतं, ते त्याने एका शाब्बासकीपायी बिघडवलं होतं. स्वतःचा त्याला इतका राग आला की सासऱ्याकडे बघवेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. "सांध्याच्या मागच्या खाचेत बघायला सांगा त्यांना. तांदूळ तिथेच बसतो."

लिमनी चिमटा घातला. लाल झालेला, चपटलेला, तेलकट तांदळाचा एक दाणा बाहेर आला.

"नाना, तुम्हाला कसं कळलं?"

नानांनी मफ काढला. मिशी जरा खाली आली होती. "निशिकांतराव, चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? नोकरीला लागलो त्या वर्षी एक गोळी झाडली, ती साहेबांच्या बंगल्याच्या कौलातून आत गेली. त्यानंतर मला शस्त्रागाराच्या किल्ल्या दिल्या आणि सांगितलं, पुसा. दर दसऱ्याला सगळं ठाणं अक्षता टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी मी दाणे वेचायचो. मला आवाजच सोसत नाही हो."

"मग ते दरोडेखोर?"

"ते जमादारानं धरले. मी त्याची बंदूक पुसली." मग हळूच म्हणाले, "मीनलला सांगू नका."

निशिकांतला हसू येत होतं. त्याने मान हलवली, वळला आणि राहिलेल्या पाच गोळ्या झाडल्या. या वेळी नानांनी मफ पुन्हा चढवून डोळे उघडे ठेवले. प्रत्येक आवाजाला दचकले, पण उघडे ठेवले.

मग त्यांनी लेनबाहेर घरंगळलेली एक पितळी पुंगळी उचलली, निशिकांतच्या तळहातावर ठेवली आणि त्याला मिठी मारली. "शाब्बास! सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

"वन शॉर्ट!" लिम पुंगळ्या मोजत ओरडले. "सिक्स फायर, फाइव्ह ब्रास. हू टेक?"

अठरा वर्षांनी मिळालेलं सोनं निशिकांतला अर्ध्या मिनिटात परत करावं लागलं. नाना चिडून लिमना साताऱ्याच्या भाषेत काय-काय म्हणाले, ते इथे नको. लिमनी पुंगळी डब्यात टाकली, टेबलावरचा तो दाणा उचलून न्याहाळला आणि नानांच्या हातात दिला. "धिस वन कॅन," म्हणाले. तांदळाला लायसन्स लागत नव्हतं.

घरी पोचताच मीनलनं विचारलं, "काय नाना, दिसली का माझी सवत?"

"दिसली म्हणजे? या डोळ्यांनी बघितली!" नाना सोफ्यावर ताठ बसले. "जर्मन! सगळ्या भागांवर सत्तेचाळीस! आणि काय नेम आहे या माणसाचा!" त्यांनी पाकिटातून कागदाची घडी काढली, हळूच उलगडली आणि दाणा टीपॉयवर ठेवला. "हा बघ पुरावा. तिच्या पोटातून निघालाय."

मीनलनं दाण्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे, मग वडिलांकडे.

इरा वाकून म्हणाली, "आजोबा, दॅट वन इज राइस, लाह."

"हो का?" म्हणत मीनल पुऱ्या तळायला आत गेली.

सोफ्यावर दोघेच उरले. नानांनी दाणा पुन्हा घडीत बांधला, पाकीट खिशात ठेवलं आणि जावयाच्या जरा जवळ सरकून बसले.